नानांचा धोटा

— अहो, पाय खाली नका सोडू, तसाच राहू दे वर, या उशीवर — खोळ कालच धुतलीय, संकोच नका करू. सुजलाय बघा. आमच्या जिन्याची ती सातवी पायरी, नवीन माणसाला तिथंच धरते. चाळीतलं कुणी तिच्यावर पाय ठेवत नाही, सहावीवरून सरळ आठवीवर. आमची मनूसुद्धा, तीन वर्षांची आहे, "उडी" म्हणते आणि उडी मारते, आणि माझा जीव खालीवर होतो. तुम्हाला सांगायला नको होतं का आधी? मनूच्या पप्पांनी सांगायला हवं होतं. याच जिन्यावर लहानाचे मोठे झालेत ते, पण आज लक्ष कुठं आहे त्यांचं — कॅमेरा आलाय ना आज. हा बर्फ धरा, फडक्यात बांधलाय, खालच्या सरबतवाल्याकडून आणला. झोंबतोय? झोंबू दे, सूज उतरेल. आणि घाई नका करू, अर्धा तास तरी लागतो त्यांना. मसाला गल्लीत गेलेत ना तुमच्या फेरीतले सगळे? मिरच्या कुटतात ते डंक बघायचे, फोटो काढायचे, शिंका द्यायच्या आणि परत इथं, आमच्या चौकात. शेवट चौकातच असतो. मला सगळं पाठ आहे. दर रविवारी ऐकते मी, या गॅलरीतून.

हो, मी त्यांचीच बायको. प्रिती. का हो, सांगितलं नाही त्यांनी? नाहीच सांगत. "ही आमची चाळ, शंभराच्या वर वय तिचं, तो पहिला माळा, ती कोपऱ्यातली निळ्या दाराची खोली, तिथं माझे आजोबा राहायचे" — इथपर्यंत येतात आणि थांबतात. निळ्या दाराच्या आत आत्ता कोण राहतं ते नाही सांगत. मी तिथंच उभी असते, मनूचे कपडे वाळत घालत, आणि पंचवीस माणसं मान वर करून बघतात. माझ्याकडे नाही, दाराकडे. एकदा एका बाईंनी हात केला, मी पण केला. मग कळलं, त्या मला बाजूला हो म्हणत होत्या. फोटोत येत होते मी. — मनू, कठड्यापासून लांब. लांब म्हटलं ना! इकडे ये, ताईंच्या पायाला हात नको लावू, बाऊ झालाय त्यांना. कपाळ बघू. गरम लागतंय का — नको, नको, तुम्ही नका घेऊ तिला, अनोळखी माणसाकडे जात नाही ती, रडेल. मीच बघते. नाही, नाहीये ताप. काल होता असं वाटलं मला. मनूचे पप्पा म्हणतात, तुला रोजच वाटतो.

त्या पुढे चालतात ना, मोठे झुमके, हातात लाल छत्री — त्या मृणालिनी मॅडम. ही फेरी त्यांचीच. दादरला राहतात, आर्किटेक्ट आहेत, जुन्या इमारतींवर लिहितात. मनूचे पप्पा परळला एका टॉवरमध्ये लिफ्टचं काम बघतात — गिरणी पाडून त्या जागी उभा राहिला तोच टॉवर — तिथं ओळख झाली. लिफ्ट अडकली, मॅडम आत एकट्या, आणि हे बाहेरून त्यांच्याशी बोलत राहिले, घाबरू नयेत म्हणून. वीस मिनिटं. काय बोलले असतील वीस मिनिटं? तर म्हणे, तुम्ही आता जिथं अडकलाय ना मॅडम, तिथं आधी गिरणीची चिमणी होती, असं सगळं. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सम्यक, हे तू लोकांना सांगायला हवंस. वीस मिनिटं, ताई! माझ्याशी वीस मिनिटं सलग बोललेले मला आठवत नाहीत. मनूच्या वेळी मी आत कळा देत होते, हे बाहेर बाकड्यावर. नर्सकडून निरोप पाठवला. काय निरोप? "चार्जर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे."

हसा, हसा. मी पण हसले होते तेव्हा.

तुम्ही कुठल्या? ठाण्याच्या. म्हणजे तुम्ही ठाण्याहून मुंबई बघायला आलात, आणि मी मुंबईत राहून — मी मंडणगडकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची नदीच्या पलीकडे, मग झाली माझी सातवी. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, मजा आहे तुझी, मुंबई बघशील. सहा वर्षं झाली. काय बघितलं सांगू? मी आले तेव्हा नाना — मनूच्या पप्पांचे आजोबा — अंथरुणाला लागलेले. सासरे तर हे शाळेत असतानाच वारले, सासूबाई गावी. मग नानांचं अंग पुसण्यापासून सगळं माझ्याकडे, तीन वर्षं. त्या तीन वर्षांत मी मुंबई बघितली ती दवाखान्याची रांग आणि औषधाचं दुकान. चैत्यभूमी बघितली, सहा डिसेंबरला, तीसुद्धा गर्दीत चुकू नये म्हणून यांचा शर्ट मागून धरून. राणीची बाग शेजारच्या कौसल्याकाकूंनी दाखवली. आणि हे? शनिवारी वरळी कोळीवाडा, रविवारी लालबाग, महिन्यातून एकदा शीवचा किल्ला, एकदा गिरगाव — तिथं कोणी व्हायोलेट आंटी आहेत, त्यांच्या जुन्या घराच्या ओट्यावर सगळ्यांना केक मिळतो. शर्टाला वास येतो ना, मला कळतं. "कसं आहे हो त्यांचं घर?" विचारलं, तर म्हणाले, "लाकडी." झालं. फेरीला येणाऱ्यांना त्या घराचा जिना, खिडक्या, त्यांचा नवरा बोटीवर होता, सगळं सांगत असतील. मला "लाकडी".

म्हणून गेले मी एकदा. हे कुणाला बोलू नका. शीवच्या किल्ल्याची फेरी होती, मनूला काखेत घेतलं, बसमध्ये बसले, अर्ध्या वाटेत तिला उलटी झाली, पदरानं पुसली आणि तशीच गेले. झाडामागं उभी राहिले. हे वर, एका दगडावर. म्हणत होते, या टेकडीच्या अलीकडे इंग्रजांची मुंबई, आणि खाडीच्या पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, दोघं एकमेकांवर डोळा ठेवून, आणि मधे पाण्यात जाळी टाकून कोळी, त्यांना दोघांचंही काही नाही. हात असा केला — आणि ताई, खरं सांगते, मला दिसलं. समोर नुसत्या बिल्डिंगा आणि पूल, पण मला पाणी दिसलं. होड्या दिसल्या. मी म्हटलं, हा माणूस माझ्या घरात राहतो? हा रात्री "भाजी कसली आहे" एवढंच विचारून झोपतो, तो हाच? आवाजसुद्धा वेगळा हो. आणि मग बोलून बोलून घसा कोरडा पडला, तर मॅडमनी त्यांची पाण्याची बाटली पुढं केली. आणि हे प्यायले. तोंड लावून. वरून नाही — तोंड लावून. मॅडमनी परत घेतली आणि त्या पण प्यायल्या, बोलता बोलता, काहीच नाही झालं असं. नाना असते तर त्यांना बरं वाटलं असतं बघून. खरंच, डोळे भरले असते त्यांचे. आणि मी तिथं झाडामागं नुसती जळत होते.

का बरं वाटलं असतं? ते... सांगते. नको, जाऊ दे. मनू, शेंगदाणे नको! तोंड उघड. थूक. अख्खा दाणा घशात अडकतो, मी वाचलंय, एका मुलाचं असंच झालं होतं. किती वेळा सांगितलं, डबा वर ठेवा, वर ठेवा, पण ऐकतंय कोण.

मोबाइल पण बघितला मी यांचा. खोटं कशाला बोलू. काय होतं? "उद्या सव्वासात, शीव स्टेशन." "सम्यक, हा दरवाजा बघ." दरवाज्याचा फोटो. "सम्यक, ही नळी कशाची असेल?" नळीचा फोटो. एक बदाम नाही, एक गुडनाइट नाही. कौसल्याकाकू म्हणाल्या, मग रडतेस कशाला, काही नाहीये ना? तेच तर! काही असतं तर भांडता आलं असतं. चार माणसं गोळा केली असती. आता काय म्हणू, माझा नवरा परक्या बाईला नळीबद्दल सांगतो? आणि बाई वाईट पण नाही हो. मनूला चित्रांचं पुस्तक आणलं, मनू तिला मृणालमावशी म्हणते आणि तिच्यासारखी मान वाकडी करून "सो नाइस" म्हणते. मला म्हणाल्या, प्रिती, तू पण ये ना फेरीला. ये ना! माझ्याच चाळीत मला बोलावतात. आणि खालून हाक मारतात ती कशी — "सम्यक!" — चौकात घुमते. मी नाही हो कधी नावानं हाक मारली. सहा वर्षांत नाही. नाना समोर असायचे, मग "अहो" नाहीतर "ऐकलं का", आता तीच सवय झाली. नावसुद्धा माझ्या तोंडात बसत नाही, त्यांच्या तोंडात किती बसतं.

काय म्हणालात, धोटा? सांगितलं होय त्यांनी, शेवटी दाखवतो म्हणून? दाखवतील. चौकात, पिशवीतून काढून, हळूच. तुम्ही बघितलाय का कधी? एवढीशी लाकडाची होडी, दोन्ही टोकांना लोखंड, पोटात सुताची कांडी. मागावर इकडून तिकडे पळते आणि कापड विणलं जातं. तो मॅडमनी आणला, जुन्या बाजारातून, दिवाळीच्या आधी. तुम्ही बसलाय तिथंच बसून त्यांनी तो यांच्या हातात दिला. म्हणाल्या, हातात वस्तू असली की लोक ऐकतात. आणि नुसती वस्तू नको, तिच्यामागं माणूस हवा. तुझे आजोबा गिरणीत होते ना, सम्यक? आणि पुढच्या रविवारी मी गॅलरीत, आणि खालून आवाज — हा माझ्या नानांचा धोटा. कांडी संपली की नवी घालायची, आणि या भोकाला तोंड लावून, श्वासानं दोरा बाहेर ओढायचा. दिवसातून शंभर वेळा माझ्या नानांनी याला ओठ लावले. यातला कापूस त्यांच्या छातीत गेला... माणसं रडली, ताई. एका बाईंनी त्या लाकडाला नमस्कार केला. आणि मी वर हातातला फ्रॉक पिळतेय, पिळतेय, पाणी कधीच संपलंय तरी पिळतेय.

नाना मागावर नव्हतेच.

रिंगखात्यात होते नाना, सूत कातायच्या खात्यात, एकोणतीस वर्षं, संपापर्यंत. आपल्या लोकांना — आम्ही बौद्ध, पण नाना लागले तेव्हा कोण बौद्ध म्हणत होतं — मागावर घेत नसत. पगार तिकडे चांगला, पण नाही. का? तर तोच धोटा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. मग त्याला आमचं तोंड लागलेलं कसं चालेल? नाना अठरा वर्षांचे होते, सुताची टोपली घेऊन मागाच्या खात्याच्या दाराशी गेले, तर एक धोटा उडून पायाशी आला. नानांनी उचलून दिला. विणकरानं हातात घेतला नाही. म्हणाला, खाली ठेव. मग नळावर नेऊन धुतला, नानांच्या समोर, दोनदा. आणि त्याच माणसाच्या शेजारून नाना पुढं मोर्चात चालले, घोषणा दिल्या, एकाच लाठीमारात दोघांचीही डोकी फुटली. हे नाना मला दुपारचं सांगत होते, मी दुधात पाव बुडवून भरवत होते तेव्हा, मनू पोटात होती माझ्या. रडत नव्हते. हसत होते. म्हणाले, पोरी, मला फक्त त्या लाकडाची चव कशी असते ते बघायचं होतं गं. आणि म्हणाले, सम्यकला नको सांगू. त्याच्या बापाला सांगितलं, तर तो आठ दिवस नीट जेवला नाही.

म्हणून नाही सांगितलं. नानांना शब्द दिला होता ना. — असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे ते. तुम्ही कशाला मान हलवता, खोटं आहे. मी सांगणार होते. त्याच रविवारी, फेरी संपवून दोघं वर आले, चहा टाकला, आणि मी म्हटलं, अहो, नाना मागावर नव्हते — तर हे म्हणाले, तू मधे नको पडू प्रिती, तुला त्यातलं काय कळतं. मॅडमच्या समोर. आणि मॅडम म्हणाल्या, अरे, बोलू दे तिला. बोलू दे तिला! म्हणजे माझ्या घरात, माझ्या नानांबद्दल, मी बोलायचं ते मॅडमच्या परवानगीनं? मी म्हटलं, काही नाही, साखर बघा पुरे आहे का. आणि तिथंच ठरवलं, नाही सांगायचं. जा, बोला. रविवारच्या रविवारी सगळ्या जगासमोर चुकीचं बोला. सात महिने झाले. दर वेळी ते "माझ्या नानांनी ओठ लावले" म्हणतात, आणि मला — कसं सांगू — गोड लागतं. तुमच्याकडे कोळीवाडा आहे, किल्ला आहे, केक आहे, आमचा माणूस आहे, मॅडम, पण नाना माझ्याकडे आहेत. एवढं एक मी कुणाला दिलं नाही. असं वाटतं मला. वाईट आहे मी?

बोलू नका काही. मला माहीत आहे.

पण आज व्हिडिओ आहे ना. रविवारी पंचवीस माणसं ऐकतात आणि घरी जातात, ती वेगळी गोष्ट. व्हिडिओ राहतो. वरच्या माळ्यावर अप्पा आहेत, रिंगखात्यात नानांच्या शेजारी उभे असायचे. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून खाली चौकात काय चाललंय ते पोहोचत नाही. पण व्हिडिओ त्यांची सून कानाशी धरून मोठ्यानं लावेल. मग अप्पा काय म्हणतील? ज्या खात्यानं आजोबाला दारातून आत घेतलं नाही, त्याचंच लाकूड मिरवतोय म्हणतील. सगळ्या चाळीसमोर म्हणतील, अप्पा कुणाची भीड ठेवत नाहीत. आणि हे... यांना सहन नाही व्हायचं ते, ताई. लाज तर आहेच, पण नुसती लाज नाही. यांचा नानांवर फार जीव. नाना गेले तेव्हा त्यांचा चष्मा धुऊन, पुसून, डबीत ठेवला, अजून कुणाला हात लावू देत नाहीत. आणि उद्या मनू मोठी होऊन तो व्हिडिओ बघेल. विचारेल, आई, तू कुठं होतीस? काय सांगू? वर होते, गॅलरीत, फ्रॉक पिळत होते?

थांबा, दाखवते. मनूच्या लसीच्या कार्डाच्या पाकिटात ठेवलंय, तिथं यांचा हात कधी जात नाही. हे. नानांचा गिरणीचा पास. फोटोत बघा, मनूसारखेच कान. आणि इथं — पुसट झालंय — खाते, रिंग. वाचता येतंय ना? सातवी असले तरी एवढं मला वाचता — नाही. नाही, फोटो नाही काढायचा. मोबाइल ठेवा ताई आत. तुम्ही काढाल, मॅडमना पाठवाल, मॅडम म्हणतील सो नाइस, आणि पुढच्या रविवारी हा पण पिशवीतून निघेल. द्या इकडे.

तुम्ही सांगता त्यांना? तुम्ही? नको. तुमची मेहरबानी, पण नको. सगळं त्यांना बाहेरच्या बायकांकडूनच कळायचं का? त्यांचे नानासुद्धा?

श्श... आले वाटतं. ऐका. छत्री दिसली मला. माझा हा अवतार, गाऊनवर ओढणी, कॅमेऱ्यासमोर कुठं जाऊ मी — "सम्यक! लाइट मस्त आहे, लगेच घेऊ या!" ऐकलंत? ऐकलंत ना, कशी हाक मारतात? जाऊ दे, काढू दे व्हिडिओ. काय व्हायचं ते होऊ दे, मला काय. मनू कुठाय? मनू? दार उघडं — कठडा — अहो, ही तुमच्या मांडीवर कधी आली? झोपली पण? मला कसं दिसलं नाही? किती वेळ बोलतेय मी? काय काय बोलले मी तुमच्याशी? द्या. द्या इकडे तिला.

पिशवीत हात घातला बघा. काढला. हातात कसा धरलाय, जसा काही नानांचा हातच —

सम्यक!

इकडे. वर बघ. ठेव तो खाली. हो, तुलाच म्हणतेय, तुलाच! कॅमेरा थांबवायला सांग त्यांना. आधी वर ये... नाही, मॅडम नकोत. एकटा ये.

ताई, तुम्ही उठा आता. हळूहळू जमेल, भिंत धरा. बर्फ घेऊन जा. आणि कुणी काही विचारलं तर तुमचा पाय मुरगळला होता, एवढंच. सातवी पायरी सोडा.